मास्टरीणबाईंची रंगवही

३ मार्च, सोमवार

रोज चार ओळी लिहायच्या, असा हुकूम आहे. हुकूम व्यायामवालीचा. उजव्या मनगटाचं प्लास्टर निघून आठवडा झाला आणि आता बोटांना काम हवं म्हणे. माझं अक्षर आधीही कुणी वाखाणलं नव्हतं, आता तर कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेल्यासारखं दिसतंय. कुणाला दाखवायचं नाहीये, तेव्हा चालेल.

झाल्या चार ओळी.

४ मार्च, मंगळवार

व्यायामवाली माझ्या मुलीच्या वयाची, पण बोलते हेडबाईसारखी. दर मंगळवारी तिच्याकडे जायचं, रबरी चेंडू दाबायचा, कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे आणि काढायचे. मी निमूट करते. आज मात्र तिने कपाटातून एक रंगवायचं पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं.

"हे कुणाचं गं? तुझ्या बाळाचं?"

"तुमचं, काकू. मोठ्यांसाठीच असतं हे."

उघडून बघितलं तर पानभर वेली, पाकळ्या, पिसं, इतकी बारीक नक्षी की गरगरायला व्हावं. रोज अर्धा तास रंगवायचं. बारीक कामावरचा हाताचा ताबा याने परत येतो, आणि तो किती आला ते तिला पानं बघून कळतं. तोवर कात्रीला हात लावायचा नाही.

मी म्हटलं, "बाई गं, बत्तीस वर्षं मी लोकांचे कोट बेतलेत. अख्खी गल्ली मला मास्टरीणबाई म्हणते. आणि आता या वयात फुलं रंगवू?"

"हो," ती म्हणाली. अशा ढिम्म माणसांपुढे काय बोलायचं?

घरी येऊन यांना पुस्तक दाखवलं. हे म्हणजे माझा नवरा. दुकानदारांची वजनं-मापं तपासण्यात यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशातली स्टीलची पट्टी काही सुटत नाही. यांनी पुस्तक उलटंपालटं केलं, पानं मोजली आणि म्हणाले, "अठ्ठेचाळीस." संपलं. बायकोचा हात मोडलाय, दुकानाला दोन महिने कुलूप आहे, आणि यांचं काय, तर अठ्ठेचाळीस.

७ मार्च, शुक्रवार

लाँड्रीवाली येऊन गेली. तिचं दुकान माझ्या दुकानाला लागूनच, मधे एक भिंत. तिला माझी जागा हवी आहे आणि इस्त्रीसाठी माझं कटिंगचं लांब टेबलही. बाई वाईट नाही. वरच्या फळीवरचा तागा काढताना मी स्टुलावरून पडले तेव्हा सगळ्यांत आधी तीच धावत आली होती.

"ताई, घाई नाही, पण महिनाअखेरपर्यंत सांगाल का? नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल."

तिचंही बरोबर आहे. मी म्हटलं, हाताचं काय ते कळलं की सांगते. हात कात्रीला चालला तर दुकान माझं, नाही चालला तर तुझं. बोलताना अगदी सहज बोलले. ती गेल्यावर मात्र दुकानाची किल्ली जागेवर आहे ना, ते दोनदा बघितलं.

यांना विचारलं, काय करू? म्हणाले, "तुझी मर्जी." पस्तीस वर्षं संसार केला, आणि हे मला एखाद्या गिऱ्हाइकासारखं उत्तर देतात.

८ मार्च, शनिवार

कोपऱ्यावरून स्केचपेनचं पाकीट आणलं आणि बसले. पहिल्या पानावरचं लाल फूल पाचव्या मिनिटाला मागच्या पानावर पोचलं. मागे एक पक्षी आहे, त्याच्या छातीत लाल डाग. बिचाऱ्याला गोळी लागल्यासारखी दिसते.

मी पुस्तक मिटून कपाटावर टाकलं. हे माझ्याच्याने व्हायचं नाही.

१० मार्च, सोमवार

दोन गल्ल्या सोडून चित्रकलेच्या सामानाचं दुकान आहे. मालक हाडकुळा आणि तिरसट. गिऱ्हाइकाला सामान देण्याआधी चार शब्द सुनावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी त्याला रंगवाला म्हणते. त्याने माझं पुस्तक हातात घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई, हा कागद बघितलात का? यावर स्केचपेन? हा पाणी पितो. पुढच्या वेळी पाठकोरं घ्या, एकाच बाजूला छापलेलं. आणि पान खाली सपाट बसेल असं, तारेच्या बांधणीचं."

मी पान चिमटीत धरून चोळून बघितलं. खरंच की. मऊ, विरविरीत. म्हटलं, "याला आमच्यात अस्तराचा माल म्हणतात. वरून घालायचं कापड नव्हे हे."

त्यावर माणूस जरा नरमला. मग त्याने मला शिकवायलाच घेतलं. या कागदाला रंगीत पेन्सिली बऱ्या. शाळेच्या पेन्सिली कडक, दाबून घासाव्या लागतात, तुमचं मनगट भरून येईल. त्या वरच्या खणातल्या बघा, कांडी मऊ, नुसता हात फिरवला की रंग उतरतो. आधी फिका थर, मग त्यावर गडद, घाई केलीत तर कागद तुळतुळीत होतो आणि पुढचा थर धरत नाही. हाताखाली एक कोरा कागद ठेवायचा, नाहीतर रंग तळहाताने पसरतो. आणि पेन्सिल खाली पाडायची नाही. पडली की कांडी आतल्या आत तुटते, बाहेरून कळतसुद्धा नाही.

हे शेवटचं ऐकून मला बरं वाटलं नाही. मी शाळेच्याच बारा पेन्सिली घेतल्या. मोडक्या हाताचे आणखी लाड कशाला?

११ मार्च, मंगळवार

व्यायामवालीने दोन पानं बघितली. छान म्हणाली. मग म्हणाली, "कडेपर्यंत जा ना, काकू. रेघेच्या अलीकडेच थांबताय."

जाते, म्हटलं. घरी येऊन प्रयत्न केला. रेघेजवळ गेलं की हात आपला आपण थांबतो. थांबवायला कुणी सांगितलेलं नसतं, तरी थांबतो. दोन पाकळ्यांच्या मधे पांढरी पट्टी राहते, जोडायच्या आधी टेबलावर मांडलेल्या तुकड्यांसारखी. हात कमजोर म्हटल्यावर असंच व्हायचं.

१५ मार्च, शनिवार

सकाळी उठले तर टेबलावर चपटा पत्र्याचा डबा. त्यात वरच्या खणातल्या त्या मऊ पेन्सिली, चोवीस. शेजारी लोखंडी टोकयंत्र.

"हे काय?"

"सेल होता," हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

सोमवारी गेले तेव्हा तर सेलची पाटीबिटी काही दिसली नव्हती. नंतर लागला असेल.

पेन्सिली मात्र काय सांगू! हात नुसता कागदावर ठेवायचा, रंग आपणहून येतो. शाळेच्या पेन्सिलींनी अर्ध्या तासात मनगट ठणकायचं, आज पाऊण तास झाला तरी काही नाही. पिवळ्यावर नारिंगी, नारिंगीवर थोडा तपकिरी, असं तीन थरांत एक पान केलं. झाडाचं पान. खरंखुरं सुकलेलं वाटावं असं झालं. मी ते डोळ्यांपासून लांब धरून किती वेळ बघत बसले होते कोण जाणे. कुणी बघितलं असतं तर हसलं असतं.

१९ मार्च, बुधवार

तीन दिवस लिहिलं नाही, कारण रंगवत होते. झालं ते झालं, कबूल करून टाकते.

सकाळचं आवरलं की बसते. हातात काम असलं की मनातला गोंगाट थांबतो, हे मला मशीनवरच्या कामातून ठाऊक होतं, इथेही तसंच होतं. कोटाला कॉलर लावताना मी कुणाशी बोलत नसे. मुलगी लहानपणी म्हणायची, आई कॉलरमध्ये गेली. काल फोनवर तिला सांगितलं, आता आई पिसात गेलीये. ती खूप हसली. मग म्हणाली, "आई, दुकानाचं काय?" मी म्हटलं, पिसात आहे तोवर विचारू नकोस.

हे रोज सकाळी सगळ्या पेन्सिलींना टोकं काढून ठेवतात. सगळ्या एका लांबीच्या लावून. निवृत्त माणसाला वेळ जात नाही, दुसरं काय.

२२ मार्च, शनिवार

आज यांच्याशी भांडले. म्हणजे मी भांडले, हे बसून होते.

लाँड्रीवालीने सहज म्हणून खिडकीतून विचारलं, की ताई, त्या टेबलाची लांबी किती हो? यांनी तत्काळ सांगितली, इंचासकट. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती गेल्यावर म्हटलं, एवढी घाई झालीये का तुम्हाला माझं दुकान विकायची? म्हणाले, "तिने लांबी विचारली, मी लांबी सांगितली." म्हटलं, तुम्हाला काय वाटतं ते एकदा तरी सांगा. ठेवू की देऊ? तर पुन्हा तेच, तुझी मर्जी.

यांना दुकानाचं काडीचंही पडलेलं नाही, हे आता मी मनाशी पक्कं धरलंय.

२५ मार्च, मंगळवार

निकाल लागला.

व्यायामवालीकडे आज गर्दी होती, दोघं बाहेर ताटकळत बसलेले. तिने चेंडू दाबायला दिला, ताकद चांगली आहे म्हणाली. मग रंगवलेली पानं भराभर चाळली. एकवीस पानं. चेहरा पडला तिचा.

"काकू, रंग सुंदर झालेत. पण एकाही ठिकाणी तुम्ही रेघेपर्यंत पोचलेला नाहीत. पहिल्या पानावर होतं तसंच शेवटच्या पानावर. बारीक ताबा आलाच नाहीये. कधीकधी मोडलेलं मनगट एवढ्यावरच थांबतं." मग हळूच म्हणाली, "कात्रीचं काम आता सोडलेलं बरं. जड कापड कापताना हात घसरला तर?"

मी बरं म्हटलं. पर्स उचलली, तिचे आभार मानले, जिन्यावरून खाली आले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. साठीच्या बाईने भर रस्त्यात रडू नये, पण रडले. बत्तीस वर्षांत एक कोट मी कापताना वाया घालवला नाही. एकही नाही.

२६ मार्च, बुधवार

लाँड्रीवालीला हो सांगितलं. दहा एप्रिलला किल्ली देईन. तिचे डोळे भरून आले, म्हणाली, ताई, तुमचं नाव पाटीवर ठेवू का? म्हटलं, नको. मी नसताना माझं नाव कशाला?

यांना सांगितलं. यांनी पेपराची घडी घातली. मग खुर्चीतून उठले आणि बाहेर गेले.

२९ मार्च, शनिवार

रंगवलं नाही. पेन्सिलींना टोकं काढलेली आहेत.

३० मार्च, रविवार

आजचं नीट लिहायला हवं.

दुपारी पाणी प्यायला उठले तर हे जेवणाच्या टेबलाशी वाकलेले. समोर माझं रंगवायचं पुस्तक, डोळ्यांना चष्मा आणि चष्म्यावर भिंग, हातात ती स्टीलची पट्टी. शेजारी कागदावर आकड्यांची रांग.

"आता माझ्या फुलांची तपासणी का? दंड किती?" मी म्हटलं.

हे हसले नाहीत. "इकडे ये. बस. ही पाकळी. रंग आणि रेघ, मधे अंतर किती?"

"असेल काहीतरी."

"दीड मिलिमीटर. ही शेजारची. दीड. हे पान, दीड. हा वळसा बघ, इतका आवळलेला, इथेही दीड. मी एकशेदहा ठिकाणी मोजलं. शेवटच्या पंधरा पानांत एका जागीही चुकलेलं नाही." यांनी चष्मा काढला. "मी आयुष्यभर मापं तपासली. कारखान्यातून आलेल्या पट्ट्यासुद्धा इतक्या खऱ्या नसतात. ज्याचा हात रेघेपर्यंत पोचत नाही, त्याचं अंतर कमीजास्त होईल. हे सारखं कसं?"

मी पुस्तक ओढून घेतलं. आणि बघताक्षणी मला कळलं. मी शिवणीची जागा सोडत होते! छापलेली रेघ म्हणजे माझ्या हाताला कापडाची कड. कडेपासून आत शिवण बसते, तेवढी माया सोडायची असते, तिथे रंग घातला तर तो शिवणीत लपणार. बत्तीस वर्षं हाताने जे केलं तेच तो करत होता, आणि मला वाटत होतं की तो थकून थांबतोय.

यांच्यासमोरच हिरवी पेन्सिल घेतली आणि एक पान थेट रेघेला भिडवून रंगवलं. काही अवघड नव्हतं. फक्त मन लावून सांगावं लागलं हाताला, की बाबा रे, हे शिवायचं नाहीये.

मी हसत सुटले आणि हसता हसता रडू आलं. हे घाबरून पाणी आणायला गेले.

१ एप्रिल, मंगळवार

व्यायामवालीसमोर तीन पानं ठेवली. एक जुनं, एक रेघेला भिडवलेलं, आणि एक मुद्दाम दीडऐवजी तीन मिलिमीटर सोडून केलेलं. सोबत यांच्या आकड्यांचा कागद. तिने पट्टी मागून घेतली, स्वतः चार ठिकाणी मोजलं आणि हनुवटीला हात लावून बसली.

"काकू, चुकलंच माझं. मी विचारायला हवं होतं, का थांबताय म्हणून."

"मलाच ठाऊक नव्हतं, तर तुला काय सांगणार होते?"

कात्रीला परवानगी दिली. आधी हलकं कापड, रोज थोडंच, आणि बिघडलं तरी चालेल अशा कामाने सुरुवात. निघताना म्हणाली, काकू, माझ्या कोटाचे हात लांब होतात. म्हटलं, ते मी पहिल्याच दिवशी बघितलंय.

२ एप्रिल, बुधवार

दुकान उघडलं. धूळ, आणि बंद कापडाचा वास. कात्री हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. पुस्तकातलं फूल कुणी अंगात घालून मिरवत नाही. गिऱ्हाइकाचं कापड कापायची हिंमत होईना. शिवाय लाँड्रीवालीला शब्द दिलाय. आता कुठल्या तोंडाने तिला नाही म्हणू, आणि म्हटल्यावर हात नाही चालला तर?

हे दारात उभे होते. म्हणाले, "माझा शर्ट कर. बिघडला तरी घालणार मीच."

 मी अख्ख्या गल्लीला शिवलं, पण यांचे शर्ट तयारच आणायचे, वर्षानुवर्षं. वेळच नसायचा. बाह्या बोटांपर्यंत यायच्या, हे दुमडून घ्यायचे. तक्रार म्हणून कधी केली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

टेप घेतला. मुलीच्या लग्नाच्या वेळचं माप आठवून, छाती चाळीस, असं मी न मोजताच वहीत लिहून टाकलं होतं. टेप लावला तर सदतीस. पुन्हा लावला. सदतीसच. खांदाही उतरलाय. रोज समोर जेवायला बसणारा माणूस तीन इंच कमी झाला आणि मला पत्ताच नाही.

"काय झालं?" यांनी विचारलं.

"काही नाही. सरळ उभे राहा."

निळं सुती कापड काढलं, खडूने आखलं. पहिल्या कापाआधी कात्री दोनदा टेकवली आणि उचलली, खोटं कशाला लिहू. हे टेबलाच्या पलीकडे श्वास रोखून उभे होते, म्हणून मी त्यांच्याकडे न बघता कापत गेले. पाठ, दोन पुढचे भाग, बाह्या. मनगट दुखलं, पण कात्री आखल्या जागेवरून गेली.

कापून झाल्यावर म्हटलं, "आता तरी सांगा. दुकान ठेवू की देऊ?"

हे तुकड्यांच्या घड्या घालत होते. म्हणाले, "माझ्या सांगण्यावरून ठेवलं असतंस आणि हात गेला असता, तर तुला किती त्रास झाला असता? म्हणून बोललो नाही." पुढची घडी घालून म्हणाले, "दुकान बंद होतं तेव्हा मी रोज संध्याकाळी येऊन मशीनला तेल घालून जात होतो."

 मी म्हटलं, घड्या उलट्या घातल्यात.

५ एप्रिल, शनिवार

शर्ट काल रात्रीच पुरा झाला, काजांसकट. सकाळी यांनी घातला. खांद्यावर बसला, बाही मनगटाच्या हाडावर थांबली. आरशासमोर उभे राहून एकेक बटण लावलं, मग एकेक काढलं, पुन्हा लावलं.

लाँड्रीवालीकडे मीच निघाले होते. दिलेला शब्द परत घ्यायचा म्हणजे तोंड लपवून चालणार नव्हतं. पण हे म्हणाले, आधी मी जातो, टेबलाची लांबी मीच सांगितली होती, तेव्हा ते द्यायचं नाही हेही मीच सांगतो. तू मागाहून ये. म्हटलं, बरं, पण लगेच या, चहा टाकतेय.

चहा निवला. तासभर झाला तरी यांचा पत्ता नाही.  ती रागावली असेल, हे तिथे मान खाली घालून उभे असतील, काय नि काय मनात आलं. शेवटी चपला अडकवून मीच बाहेर पडले.

लाँड्रीवालीच्या दारात ती, रंगवाला आणि आणखी दोघं गोळा झाले होते. मधे हे. मूग गिळून बसणारा माझा नवरा मोठ्याने बोलत होता आणि त्याने उजवा हात पार डोक्याच्या वर केला होता. लाँड्रीवाली चष्मा लावून त्यांच्या काखेत वाकून बघत होती.

"टेबल का देत नाही ते जवळून बघा, ताई," हे तिला सांगत होते, "कुठे ओढलंय का? हात कितीही वर करा, ओढत नाही! बायकोने शिवलाय."